स्वयंतपासणी सुरू आहे

तिला कंपनीत सगळे कर्नलबाई म्हणत. मशीनच्या पोटात सगळ्यात तळाशी जो प्रोग्रॅम चालतो, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे प्रोग्रॅम उड्या मारतात, त्याला कर्नल म्हणतात, आणि त्याची जबाबदारी तिच्याकडे होती. तिच्या दादाला या नावाची इतकी गंमत वाटायची की डायलिसिसला गेला की शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटला तो बिनदिक्कत सांगायचा, माझी धाकटी बहीण सैन्यात आहे. दादाने आयुष्यभर बस चालवली होती. किडन्या गेल्यावर बस सुटली, पण थापा मारायची सवय काही सुटली नाही.

तो ज्या मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचा, ते तिच्याच कंपनीचं होतं. एरवी त्याला वहिनी घेऊन जायची. एके दिवशी वहिनीची कंबर धरली म्हणून ही रजा टाकून गेली. आपण बनवलेलं मशीन माणसाला लावलेलं तिने तोवर कधी पाहिलंच नव्हतं. कारखान्यात ते मिठाच्या पाण्यावर चालायचं. इथे त्याच पारदर्शक नळ्यांमधून दादाचं रक्त जात होतं, आणि ते इतकं गडद असेल असं तिला वाटलं नव्हतं. नर्सने तिला बसायला स्टूल दिलं. नर्स मोठी चटपटीत बाई होती. हाताने नळ्या तपासायची आणि तोंडाने चार खुर्च्यांवरच्या चार पेशंटांना एकाच वेळी दटावायची.

दादा एका प्रवाशाची गोष्ट रंगवून सांगत असताना त्याचा रक्तदाब थोडा खाली आला. मशीनने पीं-पीं केलं. नर्सने उठून पडद्यावर बोट लावलं, आणि पडदा काळा झाला.

पंप थांबला. नळीवरचा चिमटा खटकन बसला. दादाचं रक्त नळीत जिथल्या तिथे उभं राहिलं.

पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत ओळ आली: स्वयंतपासणी सुरू आहे, कृपया थांबा.

नर्स शांत होती. तिने बाजूचं झाकण उघडलं, चिमटा हाताने सोडवला, पंपाला हँडल लावलं आणि रहाटासारखं सावकाश फिरवून ते रक्त दादाच्या अंगात परत पाठवायला लागली. फिरवता फिरवता म्हणाली, "घाबरू नका ताई. हे मशीन जरा जास्तच काळजीवाहू आहे. मधेच स्वतःची तपासणी करतं. आता येईल परत."

ताई घाबरलेली नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ही ओळ तिने लिहिलेली नव्हती. आणि मधेच स्वतःची तपासणी करायला त्या मशीनला कोणी शिकवलेलंच नव्हतं. मशीन कोसळलं होतं.

"असं नेहमी होतं?" तिने विचारलं.

होतं की अधूनमधून, नर्स म्हणाली. सगळ्याच मशीनचं होतं. कंपनीच्या माणसाला विचारलं तेव्हा तो म्हणाला की ही सुरक्षेची नवीन सोय आहे. एकदा पलीकडच्या खुर्चीतल्या मुख्याध्यापिका बाईंचं रक्त नळीत गोठलं आणि फेकून द्यावं लागलं. बाईंच्या अंगात आधीच रक्त कमी. पण तपासणी झालीच पाहिजे ना, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मशीन परत चालू झालं. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्याने तोंड उघडलंच. "तुमचं मशीन बंद झालं ते झालं, त्यात एवढं लाल व्हायला काय झालं? आमच्या बसही बंद व्हायच्या."

"बंद करणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं, दादा."

"म्हणजे?"

तिने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज वाढत गेला. संध्याकाळी नर्स बटण दाबून मशीन बंद करते, तेव्हा कर्नल आधी प्रत्येक प्रोग्रॅमला आवराआवर करायला सांगतो. थोडा वेळ थांबतो. जो ऐकत नाही त्याला बखोटीला धरून बाहेर काढतो. नोंदवायचं राहिलेलं सगळं लिहून ठेवतो, पंप, चिमटे, पडदा, एकेकाला रीतसर थांबवतो आणि मग वीज तोडतो. पुन्हा चालू करायचं असलं तरी आवराआवर तीच. फक्त शेवटी वीज न तोडता पहिल्यापासून सुरुवात. पण आत्ता जे झालं त्यात यातलं काहीच झालं नाही. कर्नलला कळलं की आपल्याच डोक्यात गोंधळ आहे, आता आपला आपल्यावर भरवसा नाही. अशा वेळी त्याने काही आवरायला जाणंसुद्धा धोक्याचं, कारण बिघडलेल्या डोक्याने तो चांगलं लिहिलेलंही पुसून ठेवील. म्हणून त्याने असेल तिथे हात वर करायचे.

"मग हात वर करून झाल्यावर?" दादाने विचारलं.

हाच तर प्रश्न होता. तिने मशीनच्या मेमरीतली थोडी जागा राखून ठेवली होती आणि तिथे दुसरा छोटा कर्नल निजवून ठेवला होता. पहिला पडला की यानं उठायचं, पडलेल्याच्या डोक्यात शेवटी काय चाललं होतं ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि मगच मशीन पुन्हा सुरू करायचं. म्हणजे तो का पडला ते कळतं आणि दुरुस्त करता येतं. पण तिच्या साहेबांना पडद्यावर हलती चित्रं हवी होती. धडधडणारं हृदय, वाहणारे थेंब. प्रदर्शनात लोक खूश होतात. त्याला मेमरी कमी पडली, आणि साहेबांनी ती राखीव जागा काढून घेतली. तिने तेव्हा बैठकीत भांडण केलं होतं. साहेब हसून म्हणाले होते, आपलं मशीन पडतच नाही, तर पडल्यानंतरची सोय कशाला? आता तिला कळलं, की ते पडतं हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्याशिवाय ती हिरवी ओळ कोणी लिहायला सांगत नाही.

दादाला घरी सोडून ती डायलिसिस केंद्राच्या डॉक्टरांना भेटली आणि ते मशीन तपासायला म्हणून कंपनीत मागवून घेतलं. डॉक्टर कामाच्या गर्दीत होते. सही केली आणि वळले.

चाचणीच्या खोलीत तिने मशीनला मिठाचं पाणी जोडलं. हलती चित्रं काढून टाकली, राखीव जागा परत घेतली, दुसरा कर्नल निजवला. मग रक्तदाब खाली आल्याचा खोटा इशारा पुन्हा पुन्हा देत बसली. पीं-पीं, बोट, पीं-पीं, बोट. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वैतागून हेडफोन लावून बसला. ती जेवायला उठली नाही. राग असला की तिला भूक लागत नसे, लहानपणापासूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन पडलं. छोटा कर्नल उठला आणि मुकाट्याने आपलं काम करू लागला. उतरवून घेतलेलं सगळं वाचल्यावर कारण इतकं साधं निघालं की तिला रडू यायचं बाकी राहिलं. इशाऱ्याची चौकट उघडली की पडद्याचा प्रोग्रॅम रक्तदाबाच्या आलेखासाठी घेतलेली मेमरीतली जागा कर्नलला परत करत होता, आणि परत केल्यावरही कधीकधी त्याच जागेवर लिहीत राहत होता. तोवर ती जागा कर्नलने दुसऱ्या कामाला दिलेली असे. पाहुण्याने खोली सोडली आणि तरी जाता-येता आत शिरून नव्या पाहुण्याच्या कपड्यांवर शाई सांडली, तसलं काम. दुरुस्ती थोड्या ओळींची होती. राखीव जागा शाबूत असती तर हे पहिल्याच खेपेला सापडलं असतं. मुख्याध्यापिका बाईंचं रक्त वाचलं असतं.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, तिचं कौतुकही केलं. मग म्हणाले, ही दुरुस्ती पुढच्या नेहमीच्या बदलांबरोबर जाऊ दे. वेगळं काही कळवायची गरज नाही. लोक उगाच बिथरतील.

"आणि तोवर?"

"तोवर ते परत चालू होतंच आहे ना. कोणाचा जीव गेलाय का?"

"माझ्या भावाचं रक्त नळीत थांबलं होतं, साहेब. मी समोर बसले होते."

"तेच म्हणतोय मी. भाऊ आहे म्हणून तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. जरा थंड डोक्याने विचार करा."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. तिचं डोकं त्या घटकेला जितकं थंड होतं तितकं कधीच नव्हतं. भाऊ नसता तर तिला हे कळलंच नसतं. आणि ज्यांच्या बहिणी कर्नलवर काम करत नाहीत, ते पेशंट मशीन काळजी घेतंय असं समजून त्या हिरव्या ओळीकडे बघत बसले होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्याच केंद्राचे डॉक्टर होते. मशीनचं काय झालं ते विचारत होते. साहेबांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि गोड आवाजात सांगितलं, की कसून तपासलं, दोष काही नाही, उद्या परत पाठवतो.

ती पुढे वाकली. "डॉक्टर, दोष आहे. ते मशीन तपासणी करत नाही, ते कोसळतं. ती ओळ खोटी आहे."

साहेबांनी फोनकडे हात नेला, पण बंद करायला धजले नाहीत.

"फक्त हेच मशीन?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. सगळी."

डॉक्टरांनी फोन ठेवला. साहेबांनी तिला काय काय सुनावलं ते तिने घरी कोणाला सांगितलं नाही. विश्वासघात हा शब्द त्यात होता. त्यावर ती एवढंच म्हणाली की तो शब्द त्यांनी जपून वापरावा, आणि दार उघडंच टाकून बाहेर आली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी सगळी मशीनं बंद केली आणि दुसऱ्या केंद्रांनाही कळवलं. कंपनीला दुरुस्ती आठवड्याभरात काढावी लागली, आणि ती करणारी हीच असल्यामुळे तिला काढून टाकणं साहेबांना परवडणारं नव्हतं. तिने दुरुस्ती केली, राखीव जागा परत घेतली आणि हिरवी ओळ काढून तिथे लाल अक्षरांत लिहिलं: मशीन बंद पडले होते, पेशंटकडे लक्ष द्या. साहेबांचं काही वाकडं झालं नाही. त्यांना विक्रीच्या खात्याचे प्रमुख केलं. ही बातमी कळली तेव्हा ती जिन्यात उभी होती, आणि रागाने तिला पुढची पायरी दिसेना.

पण खरा मार तिला घरातून बसला. मशीनं बंद होती तेव्हा दादाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात जावं लागलं. तिथे जागा मिळेपर्यंत वाट बघायची, परत येताना बसमध्ये मळमळायचं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना बसमधून नेलं, तो खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होता. घरी आल्यावर तो तिला म्हणाला, "तुझा राग तू काढलास. भोगतोय मी." तो खोटं बोलत नव्हता. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

मशीनं परत सुरू झाली त्या दिवशी ती न बोलावता केंद्रात गेली. मुख्याध्यापिका बाई खुर्चीत बसायला तयार नव्हत्या. नर्सने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. बाईंनी चष्म्यातून हिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हीच ना त्या? आता हे पडणार नाही, असं लिहून द्याल?"

"नाही," ती म्हणाली. "पडणार नाही असं मी म्हणणार नाही. जे सापडलं ते काढलंय. पुढे पडलं तर तुम्हाला कळेल, एवढं सांगते."

बाई खुर्चीत बसल्या नाहीत, पण निघून गेल्याही नाहीत. दादाची खुर्चीही रिकामीच होती. शेवटी दादाच पुढे आला. हिच्याकडे न बघता खुर्चीत बसला, बाही वर केली आणि नर्सला म्हणाला, लावा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनीही खुर्चीत बसून हात पुढे केला.

चार तास दादाने हिच्याशी अवाक्षर काढलं नाही. सुया निघाल्या, पट्ट्या बसल्या. तो सावकाश उठला, भिंतीला धरून दोन पावलं चालला आणि आपली पिशवी हिच्या हातात कोंबून पुढे निघाला.