पश्चिमेची भिंत

हर्षलानं दाराच्या चौकटीत पंखा बसवला, भोवतीचं जाड कापड ताणून चारही कडांना घट्ट केलं आणि आईकडे काडेपेटी मागितली. सोनुबाईनं ती गॅसशेजारून उचलून दिली. पंखा घरातली हवा बाहेर ओढू लागला, तशी हर्षलानं एक अगरबत्ती पेटवली आणि खिडकीच्या कडेनं हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

"देवाला दाखवायची सोडून खिडकीला काय ओवाळतेस गं?" सोनुबाई खाटेवर बसून वाल सोलत होती.

"धूर बघते. कुठून वारा शिरत असला तर धूर हलतो."

"आणि हलला तं?"

"तर घर नापास."

सोनुबाईनं पुढची शेंग हातात घेतली. सोलली मात्र नाही.

साजगावच्या कारखान्यात हर्षला नऊ वर्षं हेच काम करत होती. तिथं घरं बनत. दोन पत्र्यांच्या मध्ये चार बोटं फोम भरलेल्या भिंती, तसलंच छप्पर, रबरी पट्टीची दारं. सगळं कारखान्यात जोडून ट्रेलरवर चढवायचं आणि क्रेननं सिमेंटच्या ठोकळ्यांवर नेऊन ठेवायचं. सकाळी मोकळं असलेलं शेत संध्याकाळी घरासकट. मे महिन्यात आत एक साधा पंखा पुरायचा आणि थंडीत अंगावर एकच गोधडी. अट एवढीच की भिंतीला कुठं फट नको. त्या फटी शोधण्यात हर्षलाचा हात कुणी धरत नसे.

जुनं घर नव्या रस्त्यात गेलं तेव्हा सोनुबाई खोपोलीला लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी पिशवी भरून म्हणाली, "हितं माझा जीव टांगणीला लागतो, मला माझ्या शेतावर सोड." त्याच सुमारास कंपनीला एक नमुना घर हवं होतं. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांचं नव्हे, रोज रांधणाऱ्या, झोपणाऱ्या माणसाचं. हर्षलानं आईचं नाव पुढे केलं. करार सरळ होता. वर्षभर राहायचं, वर्ष भरलं की हवेची तपासणी. फटींतून शिरणाऱ्या हवेचा आकडा दोनच्या आत आला तर घर सोनुबाईचं, नाही तर ज्या क्रेननं आलं त्याच क्रेननं परत.

ते वर्ष उद्या भरत होतं. आईच्या घराची तपासणी लेकीनं करणं बरं दिसलं नसतं, म्हणून उद्या कंपनीचे इंजिनीअर अक्षय सर स्वतः येणार होते. पण तपासणीचं सामान आदल्या दुपारीच टेंपोनं येऊन पडलं, आणि हर्षलाला राहवलं नाही. ठेवलं त्या दिवशी या घराचा आकडा एक पूर्णांक आठ होता. तो कुठं जातोय, असं म्हणत तिनं पंख्याला जोडलेल्या यंत्राकडे पाहिलं.

दोन पूर्णांक एक.

तिनं पुन्हा पाहिलं. मग अगरबत्ती घेऊन ती भिंतीभिंतीनं फिरू लागली. खिडकी ठीक होती. दार ठीक. मोरीचा पाइप ठीक. पश्चिमेच्या भिंतीवर, खाटेच्या उशाशी, एक कालनिर्णयाएवढं जुनं देवाचं चित्र टांगलेलं होतं. तिथं आल्यावर सरळ वर जाणारा धूर एकदम तिच्या तोंडावर आला. चित्र भिंतीपासून सुटून थरथरत होतं.

हर्षलानं चित्र उचललं. मागे भोक होतं. उंदरानं केलेलं नव्हे, आणि कुठं काही आपटूनही पडलेलं नव्हे. तीन बोटं आरपार जातील एवढं, पत्रा कापून, फोम कोरून केलेलं. आत बांबूचं पोकळ पेर बसवलेलं आणि भोवती शेणमाती इतकी नीट लिंपलेली की कारखान्यातल्या पोरांनी येऊन शिकावं. जुन्या घराच्या कारवीच्या कुडाच्या भिंतीवर जो हात फिरायचा, तोच हात.

"आई, हे काय आहे?"

"भोक."

"ते दिसतंय मला. कुणी पाडलं?"

"मीच. कोयत्याच्या टोकानं."

"कशाला?"

सोनुबाई वालाचे दाणे टोपलीत चाळत राहिली. "हवेला."

"हवेला खिडकी आहे की!"

"खिडकी तिकडं हाय, रस्त्याकडं."

हर्षलाचा संताप झाला. खिडकी रस्त्याकडेच असणार, कारण पश्चिमेचं ऊन दुपारी या भिंतीवर येतं, म्हणून तर ती भिंत कोरी ठेवली होती. हे तिनं आईला दहा वेळा सांगितलं होतं. गाढवापुढे वाचली गीता. "उद्या क्रेन येऊन घर उचलेल, कळतंय का तुला? मग जाशील कुठं? माझ्याकडे नऊ दिवस राहवलं नाही तुला."

सोनुबाईनं मान वर केली आणि पुन्हा दाणे चाळू लागली. हर्षलानं पेर ओढून काढलं, पिशवीतला फोमचा डबा घेतला आणि भोकात नळी घातली. पिवळा फेस फुगत आला आणि भोक भरून गेलं. सुकल्यावर तिनं तो सुरीनं सपाट कापला, आतून-बाहेरून पांढरी पट्टी चिकटवली आणि परत पंखा लावला. एक पूर्णांक आठ. अगरबत्तीचा धूर दोऱ्यासारखा सरळ.

"झालं," ती म्हणाली.

"भरलंस?" सोनुबाईनं विचारलं.

"भरलं."

सोनुबाईनं जमिनीवर पडलेलं बांबूचं पेर उचललं, पदरानं पुसलं आणि गादीखाली ठेवलं. रात्री वालाचं बिरडं चांगलं झालं होतं, तरी ती अर्धी भाकरी खाऊन उठली.

सकाळी हर्षलाला जाग आली ती पायांना गार वारा लागल्यानं. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर नुकतं दिसू लागलं होतं आणि शेतावर धुकं होतं. सोनुबाई गोधडी पांघरून लोखंडी पायऱ्यांच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, आणि मान घराच्या मागच्या बाजूला वळवून कसला तरी कानोसा घेत होती.

"आई, थंडीत काय बसलीस? किती वेळ झाला?"

सोनुबाईनं हातानंच तिला थांबवलं.

धुक्यातून, पश्चिमेच्या तीन बांधांपलीकडून, बारीक पण लांब ओढलेला आवाज आला. "सोनूऽऽ! उठलीस का गं?"

"उठली गंऽऽ!" सोनुबाई अशी ओरडली की खालच्या वालातली चिमणी उडाली. "तू कशी हायस?"

"हाय तशीच गं!"

सोनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. आता तिच्या तोंडावर कालपासून नव्हती ती निश्चिंती होती. ही हाक हर्षलानं लहानपणी रोज ऐकली होती. शेजारची चंद्राकाकी आणि आई, दोघींच्या घरांत तीन बांधांचं अंतर. जी आधी उठेल तिनं हाक मारायची, दुसरीनं ओ द्यायची, मगच चूल पेटायची. कुडाच्या भिंतीतून हाक अंथरुणावर येऊन पोहोचायची. भिंतीला कान असतात म्हणतात, पण या भिंतींना ते कंपनीनं दिलेच नव्हते.

"आत राहून ऐकू येत नाय गं," सोनुबाई आत येत म्हणाली. "पहिल्यांदा मला बी ठाऊक नव्हतं. हितं आले नि तिसऱ्याच आठवड्यात एक दिवस तिनं हाक मारली, मला आलीच नाय ऐकू. मी आपली गाढ झोपलेली, गरम गरम. तिनं चारदा मारली. मग तिला वाटलं, सोनू गेली. निघाली तशीच अंधारात बांधावरनं."

चंद्राकाकी बांधावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, हे हर्षलाला माहीत होतं. मोसंबी घेऊन ती भेटायलाही गेली होती. ती बांधावरून निघाली कुठं होती, एवढं मात्र तिनं विचारलं नव्हतं.

"आता ती खाटंवरनं उठत नाय. तिचा पोरगा हरेश रसायनीला रातपाळीला जातो. हितं पत्र्यात मोबाइल लागत नाय, नि तिला नंबर बी लावता येत नाय. पाणी पायजे, उठून बसवायला पायजे, मलाच हाक मारते. कवा मारंल काय नेम? मी रातभर दार उघडं टाकून बसू का पायरीवर?"

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तू नऊ वरसं फटी बुजवतेस. तुला कसं सांगू, फट ठेव म्हणून?"

हर्षला खाटेवर बसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज लपवायला तिनं उगाच गोधडीची घडी घातली, मोडली, परत घातली. पांढऱ्या पट्टीकडे बघण्याचा तिला धीर होईना. आता भोक उघडावं तर घर जाणार आणि आई तिसऱ्या मजल्यावर येणार. मग चंद्राकाकीनं हाक मारायची कुणाला?

"राहू दे सध्या," सोनुबाईच म्हणाली. "साहेब येऊन जाऊ दे."

अक्षय सर दहाला आले. पुण्याचा, चाळिशीचा माणूस. बूट बाहेर काढून ते आत आले, चहा घेतला आणि कामाला लागले. पंखा त्यांनी स्वतः लावला, अगरबत्ती स्वतः फिरवली. पश्चिमेच्या भिंतीपाशी मात्र ते थांबले. नवी पट्टी लपत नव्हती, आणि हर्षलानं तिच्यावर चित्र परत टांगलंही नव्हतं.

"इथं काय झालंय?"

"भोक होतं, सर. काल मी बुजवलं."

"एवढं मोठं? कशानं पडलं?"

"कोयत्यानं," सोनुबाईनंच सांगितलं. "मी पाडलं."

सरांनी एकदा मायलेकींकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे. यंत्र एक पूर्णांक आठ दाखवत होतं. दुरुस्ती करू नये असं करारात कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आकडा कागदावर उतरवला, सही केली, आणि सोनुबाईनं खाली आपलं नाव एकेक अक्षर दाबून लिहिलं.

"मावशी, घर आता तुमचं," ते हसून म्हणाले. "कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण माझं ऐका, परत भोक पाडू नका. चांगली भिंत आहे."

"मी नाय पाडणार, साहेब," सोनुबाई म्हणाली. "देवाशपथ."

सरांनी पंखा टेंपोत चढवला आणि टेंपो खडखडत रस्त्याला लागला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत दोघी दारात उभ्या होत्या. मग सोनुबाई आत गेली, गादी उचलून तिनं बांबूचं पेर काढलं आणि त्याच्या शेजारचा कोयता काढला. कोयता मुठीकडून तिनं लेकीपुढे धरला.

"मी शपथ घेतलीय," ती म्हणाली.

हर्षलाला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिनं कोयता घेतला. फोम काढणं सोपं नव्हतं, कारण काल तिनं तो मन लावून भरला होता. आतली-बाहेरची पट्टी फाडून ती टोकानं कोरत राहिली, पिवळा भुगा खाटेवर पडत राहिला, आणि सोनुबाई बाहेर जाऊन लिंपायला ओंजळभर माती घेऊन आली. शेवटचा तुकडा पलीकडे पडला तसा उजेडाचा एक ठिपका आत आला. हर्षलानं त्यात पेर बसवलं.

पेर बसलं न बसलं तोच त्यातून आवाज आला, जवळ खाटेवर बसून कुणी बोलावं इतका स्पष्ट, आणि रागावलेला.

"सोनूऽऽ! मेलीस का जिती हायस गं? कवाधरनं हाका मारते मी!"

सोनुबाईचे दोन्ही हात मातीनं भरलेले होते. तिनं नुसतं लेकीकडे पाहिलं.

हर्षलानं वाकून पेराला तोंड लावलं.

"आता ऐकू आलं गं, काकी!"