सातव्या खुंटीवरची लाल टोपी

मित्रांनो, मी एक टोपी आहे. जुनी, लाल, बोटभर लांबीची. पण माणसाच्या डोक्यावर मी कधी बसले नाही. एका छोट्या खासगी विमानाच्या नाकाशी करंगळीएवढी नळी असते, तिच्यावर मी बसते. त्या नळीत वारा शिरतो आणि त्यावरून वैमानिकाला विमानाचा वेग कळतो. विमान उभं असताना तिथे धूळ जाऊ नये, गांधीलमाशीने घर करू नये, एवढंच माझं काम.

तात्या या विमानाचे मेकॅनिक. कारखान्यातून आलेली टोपी एकदा वाऱ्याने उडाली, तेव्हा त्यांच्या बहिणीने, ताईंनी, ताडपत्रीच्या तुकड्यातून मला शिवलं आणि लांबूनही दिसावी म्हणून हातभर लांब फीत लावली. विमानाला अशी सात लाल झाकणं आहेत. बाकीची सहा ऐटबाज, मीच काय ती घरगुती! पण तात्यांचा जीव माझ्यावर.

आमचं सगळं उलटं असतं बघा. शाळांना सुट्ट्या लागल्या, वर्ष संपायला आलं, की विमानाच्या पायाला भिंगरी. सगळ्यांना नेमकं त्याच आठवड्यात जायचं असतं! पाहुण्यांना सोडायचं, रिकामं परत यायचं, की पुढचे तयार. बुकिंग बघणाऱ्या बाईंना घास गिळायला फुरसत नसते. तेव्हा काढलेली झाकणं शेडमध्ये आपापल्या खुंटीवर असतात, आणि मी मात्र सातव्या खुंटीवर मजेत लटकत असते. हंगाम सरला की फोन गप्प होतात. विमान आठवडेच्या आठवडे जागचं हलत नाही, आणि मग माझी पाळी येते. टायर एकाच बाजूने चपटे होऊ नयेत म्हणून तात्या दर सोमवारी चाकं थोडी फिरवतात आणि जाताजाता माझी फीत ओढून बघतात.

एका वर्षी हे रिकामे दिवस फारच लांबले. उन्हाने माझी फीत विरली आणि तुटून पडली. ताईकडून नवी लावून घेऊ, मग बघू, असं तात्या म्हणाले. तेवढ्यात हंगाम उजाडला.

पहिल्याच सकाळी तीन फेऱ्या लागल्या. तात्यांनी भराभर झाकणं काढली, वैमानिकाने घाईघाईत विमानाभोवती एक चक्कर मारली. विमानाच्या नाकावर लाल पट्टा आहे. फितीशिवाय मी त्यातच मिसळून गेले आणि कुणालाच दिसले नाही. आत एक कुटुंब बसलं, सोबत धाकटी चिमुरडी. इंजिन सुरू झालं. माझा जीव टांगणीला लागला. नळी झाकलेली राहिली तर वर गेल्यावर वेग कळणार कसा? पण मी ओरडणार कशी?

इतक्यात तात्या शेडमधून धावत आले आणि दोन्ही हातांची फुली करून विमानासमोर उभे राहिले. इंजिन बंद झालं. बाई तरातरा आल्या.

"तात्या, हंगामाचा पहिला दिवस आहे. एका टोपीपायी पाहुण्यांना अडवणार?"

"सातवी खुंटी रिकामी आहे, बाई. ती भरल्याशिवाय विमान हलणार नाही."

मुलीचे वडीलही खाली उतरले. महिनाभर आधी जागा धरली होती, तरी उशीर का, म्हणून ते फार तापले. तात्यांनी नाकापाशी येऊन पट्ट्यावरून हात फिरवला आणि मला अलगद काढून तळहातावर ठेवलं. वैमानिकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने वडिलांना सगळं समजावलं. मग वडील परत विमानात चढले आणि चिमुरडीला घट्ट जवळ घेऊन बसले.

"चूक माझी आहे," तात्या म्हणाले. "फीत तुटली होती, आणि मी मग बघू म्हणालो."

त्याच संध्याकाळी ताईंनी मला नवी फीत लावली, आधीपेक्षा दुप्पट लांब. तात्या म्हणतात, आता ही आंधळ्यालाही दिसेल.

तुमच्याही घरात कुठलं तरी बटण तुटलेलं असेल, कुठला तरी नाडा विरलेला असेल. मित्रांनो, ते आजच शिवा. आणि निघायच्या घाईत कुणी थांबवून मोजायला लावलं, तर त्याच्यावर चिडू नका.

मी सुखात आहे. यंदाचा हंगाम जोरात चालू आहे. बाईंचा फोन खणाणत असतो, पण विमान निघण्याआधी त्या फोन बाजूला ठेवतात, शेडमध्ये येतात आणि बोटाने खुंट्या मोजतात. माझ्यापाशी येऊन "सात" म्हणतात, आणि मगच विमान हलतं.