बेटावरची ओटी

माणूस कारण नसताना गोड बोलायला लागला की मी दोन पावलं मागं सरकते. माझा नवरा सयाजी फौजेतून हवालदार होऊन परत आलाय. तो म्हणतो, "माया, तुला बॉर्डरवर हुबी केली असती तर पल्याडनं मुंगीबी आली नसती." म्हणू दे. या स्वभावानं माझं नुकसान झालेलं मला तरी आठवत नाही. म्हणून जयराजनं बेटाच्या गेटवर उभं राहून आम्हा बायकांना पहिल्यांदा हात जोडले, तेव्हाच माझ्या मनानं सांगितलं, इथं पाणी कुठंतरी मुरतंय.

बेट म्हणजे आमच्या गावाजवळचं, कृष्णेच्या पात्रातलं. इथं नदी दोन अंगांनी वाहते. माघापासून उन्हाळाभर अलीकडची धार गुडघ्याएवढी असते, मग बायका साड्या खोचून चालत पलीकडं जातात. पलीकडच्या अंगाला उंच दरड आहे, तिकडून चढता येत नाही. त्यामुळं वाट ही एवढीच. वर गेलं की जुनं जांभळाचं झाड, त्याच्याखाली शेंदूर लावलेल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, आणि पुढं उतरती वाळू.

आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि गावानं आपली सगळी तान्ही त्या वाळूत पुरली. तिथं दगड नाही, नाव नाही, काही नाही. माझी पोरगी तिथं आहे. बारशाच्या आधीच गेली, त्यामुळं तिला हाक मारायची म्हटली तर नावही नाही. आसरा तिला सांभाळतात असं म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. चैत्रातल्या अमावस्येला बायका आंबील घेऊन जातात, आसरांना निवद दाखवतात आणि ज्यांचं कुणी तिथं आहे त्या वाळूवर थोडं दूध ओततात. मला वर्षातून एवढा एक दिवस आई होता येतं. त्या दिवसाला कुणी हात लावला तर मी गप्प बसणारी नाही.

बेटाची जमीन कागदावर कुणाच्या तरी नावावर होतीच, पण पुरात बुडणाऱ्या त्या गाळाला कोण विचारतंय? मालक पुण्याला असायचे. काही वर्षांपूर्वी त्यांनी ती इस्लामपूरच्या जयराजला विकली. जयराजचा धंदा बांधकामाचा. त्यानं बेटावर तंबू उभे केले, रंगीत बोटी आणल्या, चढणीवर तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट घातलं आणि बोर्ड लावला, 'खाजगी मालमत्ता'. गावात सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. आता अमावस्येला हा अडवणार आणि मग बघू.

पण त्यानं अडवलं नाही. गेट सताड उघडं होतं. मांडव होता, थंडगार सरबत होतं. जयराजची बायको संयोगिता ताट घेऊन उभी होती आणि येणाऱ्या बाईला हळदकुंकू लावून तिची ओटी भरत होती. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. बाजूला खुर्चीत जयराजची म्हातारी आई बसली होती, सगळे तिला आईसाहेब म्हणत. आणि एक फोटोवाला पोरगा प्रत्येक ओटीचा फोटो काढत होता.

बायका हरखल्या. "एवढा मोटा मानूस, पर किती नमरपना," असं गावभर झालं. ओटी मीही घेतली. समोरचीनं कुंकवाचं बोट पुढं केल्यावर नको म्हणायची रीत आपल्यात नाही. पण घरी येऊन मी सयाजीला म्हटलं, "आमच्याच वाटंवर आमालाच या या म्हनतोय. ही गोगलगाय हाय, आन् पोटात पाय हायत."

"तुज्या पोटात काय हाय ते बघ आदी," सयाजी म्हणाला आणि तो नारळ फोडून खाल्ला.

दर चैत्रात तेच चाललं. दर चैत्रात माझा संशय वाढत गेला आणि लोक मला हसत राहिले. मग यंदा माघात मी सहज म्हणून बेटावर जायला निघाले. रात्री पोरीचं स्वप्न पडलं होतं. गेटला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "फोन करून परवानगी घ्या. साहेब न्हाई म्हनत न्हाईत." साहेब नाही म्हणत नाहीत. पोटच्या पोरीजवळ बसायला मी साहेबाला फोन करायचा. मी तिथंच वाळूत उभी राहून त्याला असं काही बोलले की त्यानं कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला जाऊन वकील गाठला. आर्जव चौगुले, वयानं कोवळा पण डोक्यानं पक्का. तहसीलदारांकडं अर्ज झाला की ही वाट गावाच्या वहिवाटीची आहे, पिढ्यान्‌पिढ्या बायका जातात. जयराजचं उत्तर आलं, आणि सोबत फोटोंचा गठ्ठा. आर्जवनं ते माझ्यासमोर पसरले. प्रत्येक फोटोत गावातली एकेक बाई पदर पसरून हसत उभी. त्यात मीही होते.

"काकू," आर्जव म्हणाला, "तो म्हणतो, या बायका आमच्या निमंत्रणावरून येतात. ओटी पाहुणीचीच भरतात. पाहुण्याला घरात घेतलं म्हणून घर त्याचं होत नाही. आणि काकू, कायद्यानं त्याचं खरं आहे. जो परवानगीनं येतो त्याला हक्क सांगता येत नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझा संशय खरा ठरला, पण त्याचा आनंद कसला? ज्या रीतीनं आम्हाला नाही म्हणता येत नाही, नेमकी तीच त्यानं हुडकून काढली होती.

"एखादी तरी बाई अशी आहे का, जिनं ओटी घेतली नाही? न विचारता गेली, न विचारता आली?" आर्जवनं विचारलं.

मी सगळं गाव डोळ्यापुढं आणलं. आळीआळीनं एकेक दार आठवलं. "अशी एकबी न्हाई," मी म्हटलं. "वटी कोन नाकारतंय?"

चैत्रातल्या अमावस्येलाच तहसील कचेरीतले साहेब जागा बघायला येणार असं कळलं, आणि हेही जयराजनंच जुळवून आणलं असणार असं मी धरून चालले. बायकांना मी घरोघर जाऊन सांगितलं, यंदा ओटी घेऊ नका. बायका "व्हय व्हय" म्हणाल्या. त्यांचं व्हय मला चांगलं माहीत आहे.

त्याच आठवड्यात मी रंगुबाईला बघितलं. रंगुबाई आमच्या मागच्या आळीची, माझ्याहून थोरली, तरणेपणीच नवरा गेलेली. तिची दोन लेकरं बेटावर आहेत. अर्जावर अंगठा दे म्हणून मी गेले तेव्हा ती "बघू" म्हणाली होती आणि परत काही बोलली नव्हती. ती मला इस्लामपूरला बाजाराच्या वाटेवर दिसली, जयराजच्या बंगल्याच्या मागच्या दारातून बाहेर पडताना. काखेत गाठोडं होतं. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला फोडली. गरीब बाई, दोन साड्या टाकल्या की झालं. मी तिला वाटेत धरलंच. "कुटं गेलतीस?"

"म्हातारीचं गुडगं चोळाया."

"कंच्या म्हातारीचं?"

"जयराजच्या आईचं. लय दुकत्यात तिचं. तिच्यापाशी कोन बसतंय?"

"आन् गाठुड्यात काय हाय?"

रंगुबाईनं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं आणि चालू लागली. म्हणजे नक्कीच. मी सयाजीला सांगितलं, अमावस्येला रंगुबाईला साहेबापुढं येऊ द्यायची नाही, ती घात करणार.

अमावस्येला सगळं तसंच होतं. मांडव, सरबत, ताट, फोटोवाला. यंदा जयराजची भावकीही आली होती, पांढरे कपडे घालून खुर्च्यांवर. नायब तहसीलदार साहेब जांभळाखाली उभे होते, चष्मा पुसत. बायका धार ओलांडून वर आल्या. संयोगितानं बोट पुढं केलं आणि एकीनंही कपाळ मागं घेतलं नाही. माझीही पाळी आली. तिनं कुंकू टेकवलं, माझ्या पदरात नारळ पडला, आणि मी दात खात तो धरून ठेवला. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणं सोपं असतं.

साहेबांनी बायकांना विचारलं, "तुम्ही इथं कशा येता? कुणी बोलावतं का?"

"मालकच बोलावत्यात की," पहिलीच म्हणाली. "लय चांगलं हायत. मानपान करत्यात."

"कदी आडवलं न्हाई," दुसरी म्हणाली.

जयराज खाली मान घालून नम्रपणानं हसत होता. मला त्या बायकांचा राग आला आणि लगेच कळलं की त्यांचं काही चुकत नाही. ज्याच्या मांडवात उभं राहून ओटी घेतली त्याच्या तोंडावर त्याला वाईट कसं म्हणणार? असल्या वेळी एरवी फटकळ असलेली बाईसुद्धा आमच्याकडं चांगलंच बोलते.

तेवढ्यात झाडामागं रंगुबाई दिसली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, ती साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि त्यामुळंच पडली.

"त्या मागच्या आजी कोण? या इकडं. तुमचीही ओटी भरली ना यांनी?"

रंगुबाई पुढं आली. "माजी? साहेब, पांढऱ्या कपाळाच्या बाईची वटी कोन भरतंय?"

"म्हणजे?"

"म्हंजी आमी गेटात आलो की ही बाई ताट घिऊन तिकडं त्वांड फिरवती. सरबतबी न्हाई आन् या म्हननंबी न्हाई. कवाच न्हाई."

"मग तुम्ही आत कशा येता?"

"येते तशीच. नवरा हुता तवा यायची, मेला तवाबी येत हुते, ह्यांनी इकत घेटल्यावरबी येते. इचारायचं कुनाला? माजी दोन लेकरं हितं हायत."

साहेबांची लेखणी थांबली. "अशा आणखी कुणी आहेत?"

झाडामागून, कुंपणाच्या कडेनं, बायका पुढं आल्या. हरणाबाई होती, कुंभाराची सून होती, माझी स्वतःची चुलत जाऊ होती. दरवर्षी माझ्या मागून चालत आलेल्या. एकीच्याही कपाळाला कुंकू नव्हतं आणि जयराजच्या गठ्ठ्यात एकीचाही फोटो नव्हता. मला शरमेनं खाली बघावं लागलं. वकिलानं विचारलं होतं, आणि मी आळीआळीनं सगळं गाव आठवलं होतं, पण यांच्यातली एक माझ्या डोळ्यापुढं आली नव्हती. बाई म्हणजे सवाष्ण, हे माझ्याही हाडात मुरलेलं. दुसऱ्यांच्या पोटातले पाय शोधणारी मी. रंगुबाईच्या गाठोड्यात तरी चोळायच्या तेलाच्या बाटलीपलीकडं काय असणार होतं?

"म्हणजे सगळ्या बायका काही निमंत्रणानं येत नाहीत," साहेब जयराजला म्हणाले. "परवानगी न घेता, उघडउघड, वर्षानुवर्षं येणाऱ्याही आहेत. हे मी जबाबात घेतोय. निकाल लागेपर्यंत गेटला कुलूप लावायचं नाही."

जयराजचं हसू गेलं. तो बायकोजवळ गेला, कानात काहीतरी बोलला. संयोगिता दचकली, मग ताट उचलून सरळ रंगुबाईसमोर आली. फोटोवाला मागोमाग.

"काकू, चुकलंच आमचं," ती म्हणाली. "आता कुठं राहिलंय असलं काही? या, तुमची ओटी भरते."

तिनं कुंकवात बोट बुडवलं. रंगुबाईनं त्या बोटाकडं ज्या नजरेनं बघितलं ते मला बघवेना. तरणेपणापासून ज्याच्यासाठी तिला दारामागं उभं केलं ते आज चालून आलं होतं. घेतलं असतं तर तिला कोण बोललं असतं? मला खात्री होती, ती घेणार. घेतलं की सगळं गेलं.

"भर की," रंगुबाई म्हणाली. "पर आदी तुज्या सासूची भर. घरातली म्हातारी कोरडी ठिऊन बाहेरचीची वटी भरतीस व्हय?"

सगळे खुर्चीकडं वळले. दरवर्षी तिथं पांढऱ्या कपाळानं बसून आईसाहेबांनी सगळ्या गावाच्या ओट्या भरताना बघितल्या होत्या. म्हातारी खुर्चीचा हात धरून उठली. दुखऱ्या गुडघ्यांवर तोल सावरला, पदर दोन्ही हातांनी सोडवला आणि सुनेसमोर पसरला.

"भर," ती म्हणाली.

संयोगितानं नवऱ्याकडं बघितलं. जयराजनं खुर्च्यांवरच्या भावकीकडं बघितलं. त्यातला एक म्हातारा खाकरला.

"आई, तू बस," जयराज हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. बस तू खाली."

म्हातारी बसली नाही. ताट तसंच अधांतरी राहिलं, फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मला ते सहन झालं नाही. विचारही केला नाही. मी पुढं झाले आणि माझ्या पदरातला नारळ, खण, तांदूळ, जयराजनं दिलेलं सगळं, त्याच्या आईच्या पदरात घातलं.

म्हातारीनं पदर मिटून पोटाशी धरला. मग लेकाकडं वळली.

"आता म्हन," ती म्हणाली, "बस म्हनून."