एक जागा रिकामी

पेन्सिलीच्या मागच्या टोकाला दातांचे खळगे होते, तिथला पिवळा रंग उडून आतलं लाकूड ओलसर झालं होतं — ते दात लाइलचे, आणि ती पेन्सिल आपण केव्हापासून तोंडात धरून बसलोय हे मार्लिसच्या जरा उशिरानेच लक्षात आलं. या सवयीवरून छत्तीस वर्षं तिने नवऱ्याला बोल लावले होते. आता दर रविवारी सकाळी ती स्वतः स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नेमके तेच खळगे चघळत बसते... दुखणं एकाचं, खोडी दुसऱ्याच्या अंगाला. तिने पेन्सिल काढून पुसली आणि कागदाकडे पाहिलं.

कागदावर दोन रकाने होते. डावीकडे 'आपण', उजवीकडे 'गॉर्डी'. दहा वाजून गेले होते. बाराच्या ठोक्याला पहिले सामने सुरू होणार, आणि एकदा सुरू झाले की ज्याच्या यादीत जे असेल ते तसंच राहणार. त्याआधी लाइलची दाढी, लाइलच्या गोळ्या, ठसका लागू नये म्हणून दाट केलेली ती कसली तरी कॉफी, उजव्या हाताचा व्यायाम — वीस वेळा उघड, वीस वेळा मीट, म्हणजे उघडायची तिने आणि मिटायचीही तिनेच. बाहेर रात्रीचं बर्फ गाडीवर तसंच होतं. ते कोण काढणार हा प्रश्न ती आता स्वतःला विचारतसुद्धा नसे.

खाणीतले मोठे ट्रक जिथे दुरुस्त होतात, त्या शेडमधल्या दहा जणांचा हा एकोणीस वर्षांचा खेळ. अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून ऑगस्टमध्ये ज्याने त्याने आपला कागदी संघ बांधायचा, दर आठवड्याला त्यातले नऊ जण मांडायचे, समोर दहातला कुणीतरी एक. आणि मग रविवारी ते खरे लोक खऱ्या चिखलात पळाले की त्यांच्या पळण्याचे गुण इकडे टॅब्लेटवर. सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, असं मार्लिस पूर्वी म्हणायची. लाइल म्हणायचा, हाकून तर बघ.

बघावं लागलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गॅरेजच्या दारात तो पडला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आणि दवाखान्यात चौथ्या दिवशी टॅब्लेटवर त्याची यादी जशीच्या तशी पडलेली तिला दिसली, तेव्हा तिला काय वाटलं कोण जाणे — ही तशीच राहिली तर सगळे म्हणतील लाइल संपला. म्हणून तिने ती भरली. कुणाला सांगितलं नाही. पहिले सामने सपाटून हरली. मग एका रात्री चष्मा लावून नीट बसली आणि तिला कळलं की हे आपल्याला येतंय.

शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं तिने साडेचारशे पोरांच्या जेवणाचा अंदाज बांधला होता. शुक्रवारी मासे असले की किती ताटं परत येणार, पहिल्या बर्फाच्या दिवशी सूप किती लागणार, हे ती सकाळी सातला सांगायची आणि दुपारी पातेली घासताना तिचं खरं झालेलं असायचं. ब्रॅमवेल किती पळेल, हा काही त्याहून अवघड अंदाज नव्हता. ब्रॅमवेल हा तिचा चेंडू घेऊन पळणारा, बत्तीस वर्षांचा, थकलेला, पण दर रविवारी दहा-बारा गुण घरी आणणारच. दुसरा ऑस्बी, बावीस वर्षांचं पोर — आणले तर सत्तावीस, नाहीतर दोन. ती ऑस्बीला बसवूनच ठेवायची. आणि बचाव... म्हणजे समोरच्याचे गुण अडवणं, त्याचं तिला खरं वेड लागलं होतं. गॉर्डीचा फेकणारा ज्या गड्याकडे सारखा चेंडू फेकतो, तो झेलणारा आपल्याकडे ठेवायचा; मग गॉर्डीला जे मिळेल त्यातला निम्मा वाटा आपोआप आपल्या पानात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाच आठवडे ती सलग जिंकली होती, आणि त्या पाचही सोमवारी सकाळी उठताना तिचे गुडघे कमी दुखले होते. हे खरंच आहे, हसण्यावारी न्यायचं नाही.

लाइलला ती सगळं दाखवायची. खिडकीशी त्याची मोठी खुर्ची. ती टॅब्लेट त्याच्या मांडीवर धरायची, सांगायची, हा आत, हा बाहेर — आणि तो मान हलवायचा. सूप देऊ? मान. झोपतोस? मान. तळ्यावरची बोट विकून टाकू का रे? — त्यालाही मान. जी बोट घेण्यावरून हा माणूस एकदा तिच्याशी अकरा दिवस बोलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्याला सगळं समजतंय, धीर धरा. ती धरत होती. पण माणूस कष्टांनी जेवढा दमत नाही तेवढी ती या होकारांनी दमली होती.

फक्त जिंकल्यावर तो हसायचा. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, अर्धं. पण हसायचा.

तर गॉर्डी. लाइलचा शेडमधला जोडीदार, शाळेपासूनचा. तिने त्याची नऊ नावं कागदावर उतरवायला घेतली आणि सहाव्या नावाशी पेन्सिल थांबली. पेटिफर. पेटिफरच्या संघाला या आठवड्यात सुट्टी होती — प्रत्येक संघाला मोसमात एकदा असते, गल्लीतल्या पोराला विचारलं तरी सांगेल — म्हणजे गॉर्डीची ती जागा शून्य गुणांची, रिकामीच. तिला आधी बरं वाटलं. हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार-रविवार. अर्धं गाव केशरी कोट घालून जंगलात, या दिवसांत कुणाचंही काहीही राहून जातं, मागे एकदा शेडमधला अर्नी स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला विसरला होता. राहिलं असेल.

मग तिला दिसलं की गॉर्डीने काल संध्याकाळी सात वाजता यादीत बदल केला होता. बचावाच्या जागी एक माणूस नाही, अख्खा संघ मांडतात; तो बदलून डेन्व्हरचा घेतला होता. म्हणजे जंगलातून, बोटं गारठलेली असताना, त्याने यादी उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली, बचाव बदलला आणि त्याच्या बरोब्बर वरच्या ओळीत बसलेला पेटिफर तसाच ठेवला...

ती मागे जायला नको होती. पण बाईचं मन, एकदा पातेल्याचं झाकण उचललं की तळ बघितल्याशिवाय राहवत नाही. मागचा आठवडा: अर्नी. सगळे खेळाडू ठीक, एक पाय मोडलेला. त्याआधी रूडी: एक सुट्टीवरचा. त्याआधी चेंडूला लाथ मारणाऱ्याची जागाच मोकळी. त्याआधी... पाच आठवडे, पाच माणसं, आणि प्रत्येकाची एक जागा रिकामी. दोन नाहीत, शून्य नाहीत. एक. आणि त्याच्या मागचे तिचे हरलेले आठवडे बघितले तर सगळ्यांचे नऊच्या नऊ जागच्या जागी. आणि ऑक्टोबरात काही हरणांची शिकार नव्हती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काय झालं होतं? काही नाही. चर्चच्या तळघरात गॉर्डीची बायको बेव्ह आणि ती मिळून कॉफीचं मोठं भांडं घासत होत्या, आणि मध्ये एकदा चुकून एक सामना जिंकलेला म्हणून ती बोलून गेली होती: "जिंकला ना, की हसतो गं बेव्ह. एरवी नाही हसत." एवढंच. तिच्याच तोंडातून.

तिने फोन लावला. तीनदा वाजल्यावर कुजबुज आली.

"मार्लिस? लाइलला काही—"

"लाइल ठीक आहे. तू असा का बोलतोयस?"

"मचाणावर आहे गं मी. खाली एक मादी फिरतेय, तिच्या मागे नर येईल. बोल, हळू बोल."

"मी हळू बोलले काय, ओरडले काय, हरणाला ऐकू जाणारे का? गॉर्डी, तुझा पेटिफर आज खेळत नाही."

फोनमध्ये मचाणाची फळी करकरली.

"अरेच्चा," गॉर्डी म्हणाला, "लक्षातच नाही आलं बघ. हरणांच्या गडबडीत..."

"काल सात वाजता डेन्व्हर घेतलंस ते लक्षात आलं."

ताकास तूर लागू द्यायची नाही ही त्याची जुनी कला, पण पंधरा फूट उंच फळीवर बसून, कुजबुजत, त्यालाही ती जमेना.

"बेव्हला बोलू नकोस काही," तो शेवटी म्हणाला. "तिने चांगल्या मनानेच सांगितलं होतं. आणि हे बघ, आम्ही नियम केला होता. प्रत्येकाने एकच जागा रिकामी सोडायची. त्याहून जास्त नाही सोडायचं. बाकीचं तू जिंकलीस. अर्नीने तर एक सोडूनसुद्धा जीव तोडून प्रयत्न केला, तरी तू त्याला लोळवलंस."

"मी?"

"मग काय लाइल? अगं, लाइल आयुष्यात इतकं शहाण्यासारखं कधी खेळला नाही. बचावाकडे तो ढुंकून बघायचा नाही. दुसऱ्याच आठवड्यात शेडमध्ये सगळ्यांना कळलं." मग आणखी हळू, "तुला राग आला का गं?"

तिला राग आला नव्हता. राग यायला अंगात काहीतरी लागतं. तिला एवढंच दिसत होतं की नऊ माणसं गेले पाच आठवडे तेलकट हातांनी डबा खाताना बसून ठरवत होती, की या रविवारी लाइलसाठी कुणी काय सोडायचं. आणि तिच्या त्या हलक्या सोमवारच्या सकाळी... आणि हे कळलं असतं तर लाइलला किती लागलं असतं. एकदा चेंडूने खुंट्या पाडायच्या बोलिंगमध्ये साहेबाने त्याला जिंकू द्यायला मुद्दाम चेंडू बाजूने घालवला तेव्हा लाइल बूट घालून घरी निघून आला होता. भाड्याचे बूट होते, ते परत करायला दुसऱ्या दिवशी तिलाच जावं लागलं.

"त्याला काढ," ती म्हणाली. "पेटिफरला काढ, दुसरा घाल. नीट खेळ."

"मार्लिस, माझ्याकडे कोण आहे माहितीये ना तुला? नऊच्या नऊ आले तर मी तुमचा भुगा करीन."

"कर."

"आणि मग तो—"

"करच म्हणतेय ना मी! आणि तोंड बंद ठेव, तो नर येईल आता."

तिने फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. दाढी राहिली होती. हाताचा व्यायामही राहिला होता. साडेअकराला टॅब्लेटवर पेटिफर गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि तिच्या कागदावरचे दोन्ही रकाने आता एकमेकांसमोर भरलेले उभे राहिले. अंदाजाच्या बेरजेत ती चौदा गुणांनी मागे पडली होती.

टॅब्लेट घेऊन खिडकीकडे जाताना — म्हणजे टेबल ते खिडकी, आठ पावलं — तिला ते सुचलं, आणि आधी का नाही सुचलं याचं तिला नवल वाटलं. लाइलला सगळं समजतं. दर आठवड्याला ती दोन्ही याद्या त्याच्या मांडीवर ठेवत होती, आपली आणि समोरच्याची. एकोणीस वर्षं हा माणूस सुट्टीवरचा गडी रस्त्यापलीकडून ओळखत आला. त्याने पाहिलंच असणार. पाचही वेळा. मग जिंकल्यावर तो हसत होता तो... ती बोलत असायची तेव्हा. 'बघ, लाइल, लावला की नाही बरोबर अंदाज!' असं म्हणून ती मांडीवर थाप मारायची, तेव्हा. गॉर्डी लाइलसाठी एक गडी सोडत होता. आणि लाइल, ज्याच्याकडे सोडायला आता जवळजवळ काही उरलं नव्हतं, त्याने तिच्यासाठी आपला ताठा सोडला होता, ते याहून मोठं होतं. तिला रडू यावं अशी ही गोष्ट होती, पण रडायलाही बसावं लागतं.

"गॉर्डीने बदल केलाय," ती म्हणाली आणि टॅब्लेट त्याच्यासमोर धरला. त्याने पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. "आपण मागे आहोत. ब्रॅमवेल आत ठेवते. त्याचे बारा धरून चालू. बरोबर?"

मान हलली नाही.

तिला वाटलं ऐकलं नसेल. "ब्रॅमवेल," ती मोठ्याने म्हणाली. लाइलचा डावा हात पांघरुणाखालून निघाला, बोट काचेवरून घसरत घसरत खाली, बसवलेल्यांच्या रांगेत गेलं आणि ऑस्बीच्या नावावर टेकलं.

"छे. त्याचा गुडघा बरा नाहीये. दोन गुण आणेल तो."

बोट तिथेच.

"लाइल, अरे बारा मिनिटं राहिलीत." तिने त्याचं बोट उचलून बाजूला ठेवलं, जसं हल्ली ती त्याचं सगळंच उचलून बाजूला ठेवायची, आणि त्याने ते परत आणलं. तिने पुन्हा ब्रॅमवेलवर टिचकी मारली. त्याने तिचं मनगट धरलं. पकड वाईट नव्हती. घशातून एक आवाज आला, शब्द नव्हे, पण होकार तर मुळीच नव्हे.

"नको म्हणजे? हे असं कोण खेळतं? चौदाने मागे असताना त्या पोराच्या भरवशावर... म्हणजे, मागे आहोत म्हणूनच म्हणतोयस का तू? सुरक्षित खेळून हरायचं त्यापेक्षा... तरी पण! तू ना, असाच. बोटीच्या वेळी असाच. मी बांधलाय हा संघ, लाइल, मी! सप्टेंबरपासून! तू नुसता मुंडी हलवत बसलास आणि आज तुला अक्कल आली?"

आपण ओरडतोय हे तिला ऐकू आलं. आजारी माणसावर. खुर्चीतल्या, तोंड वाकडं झालेल्या, अर्धी दाढी वाढलेल्या माणसावर. आपण थांबू याची तिने वाट पाहिली, पण थांबावंसं वाटेना. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात आभार नव्हते, लाचारी नव्हती. ती बोट दुकानाबाहेर ओढून आणताना त्याचा जो चेहरा होता तोच आता अर्ध्या तोंडाने समोर होता — इतका हट्टी, इतका चुकीचा, कदाचित बरोबरही. मनगट त्याने सोडलं नव्हतं.

टीव्हीवर कुठल्यातरी शहरात माणसं ओळीने उभी राहून राष्ट्रगीत संपायची वाट बघत होती. आठ मिनिटं. तिचे गुडघे दुखत होते, पाठ मोडून आली होती, सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. तिने स्टूल ओढलं, त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं, आणि बसली. तिला अजून भांडायचं होतं.