डावा खांदा

"मग बस बाहेर. पाट्या टाकायला तुला कुणी बोलावलेलं नाही," ताई म्हणाली आणि भडक्याकडे पाठ करून स्पीकरच्या वायरी सोडवायला लागली.

भडक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण आता घरी आईसुद्धा तेच म्हणते. ताई म्हणजे नाचाचा ग्रुप चालवणारी. सख्खी कुणाचीच नाही, ओरडते मात्र सख्ख्या बहिणीसारखी. शो अर्ध्या तासावर आलेला, तोही एका शाळेत. कपडे बदलायला चौथीचा वर्ग दिलेला, आणि नववीतच शाळेला रामराम ठोकलेला हा गडी चौथीच्या बाकात गुडघे छातीशी घेऊन अडकून बसलेला.

भांडण जुनंच होतं. नाच असा, की आधी पोरं जमिनीवर हातांवर उलटी होतात, गरगर फिरतात, आणि पोरी मागे उभ्या राहून हातांच्या लाटा करतात. मग मधेच गाणं थांबतं आणि कामं बदलतात. पोरी जमिनीवर, पोरं लाटेत. बघणारी पिल्लं आठ-नऊ वर्षांची. भाषण न ठोकता त्यांना कळावं, की पोरांचा नाच वेगळा आणि पोरींचा वेगळा, अशी काही वाटणी नसते. भडक्याला पहिला अर्धा भाग जीव की प्राण. दुसऱ्यात तो हात असे हलवायचा, जसा काही माशाच हाकलतोय.

"ते बायकी मला नाही जमत," तो ताईच्या पाठीला म्हणाला. "मी माझ्या पद्धतीने नाचतो."

खिडकीत बसून मनगटाला पट्टी गुंडाळत असलेली भिंगरी हसली. ग्रुपमधली ही सगळ्यात जुनी पोरगी, एका हातावर उलटी उभी राहून गप्पा मारणारी.

"तुझी पद्धत?" ती म्हणाली. "कुठून आणलीस रे?"

यावर तो तिला जे बोलला ते चौथीच्या वर्गात बोलण्यासारखं नव्हतं. तिने ते कानाआड केलं, फोन काढला, कालच्या तालमीचा व्हिडिओ लावून त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, एवढी घारीची नजर ना तुझी, मग डावा खांदा बघ.

त्याने बघितलं. व्हिडिओत तो जमिनीवरून ऐटीत उठत होता आणि उठता उठता त्याचा डावा खांदा बोटभर खाली पडत होता. पुढच्या उडीतही तेच. मग कामं बदलली आणि जमिनीवरून भिंगरी उठली. तोच खांदा. तेवढाच खाली.

त्याचं असं, की त्यांच्या तालमीच्या हॉलला आरसाच नाही. पुढच्याच्या पाठीकडे बघून मागच्याने शिकायचं, ही तिथली रीत. भडक्या टायरच्या दुकानातून सुटून रोज उशिरा यायचा, म्हणून वर्षभर शेवटच्या रांगेत, बरोब्बर भिंगरीच्या मागे. ती लहानपणी सायकलवरून पडली होती. गळ्याखालचं हाड वाकडं जुळलं, तेव्हापासून तिचा तो खांदा उतरतो. भडक्याचं हाड ठणठणीत. या बहाद्दराने नाचाबरोबर तिचं दुखणंही उचललं होतं आणि हाच मर्दानी नाच म्हणून गावभर मिरवत होता.

"मला वाटलं ती माझी स्टाइल आहे," तो म्हणाला.

"आहेच की. घाम तुझाच गळलाय. पण पोरीची म्हणून परत करायची असेल तर आत्ताच कर, मला शोला लागेल."

सगळे हसले. एरवी त्याने बाक उलटा केला असता. पण त्या बाकातून पाय सोडवता सोडवताच त्याचा अर्धा राग जिरला. सॉरी वगैरे तो म्हणाला नाही, त्याच्या खानदानात ती चाल नाही. फळ्याजवळ गेला, हात आडवा केला आणि लाट सोडून बघितली. बोटं, मनगट, आणि कोपराशी गाडी अडली. "इथून पुढे कसं काढायचं?" त्याने फळ्यालाच विचारलं.

भिंगरीने फोन खिशात टाकला. येऊन त्याच्या पुढे उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून, आणि हात उचलला. तो बघत राहिला. चौथ्या खेपेला लाट कोपर ओलांडून खांद्यापर्यंत आली, आणि आत काहीतरी सुटल्यासारखं त्याला वाटलं.

तेवढ्यात दारात एक चिमुरडं पोरगं, लेस सुटलेली, तोंड उघडं. भडक्याचे कान तापले. आता हे फिदीफिदी हसणार आणि शाळाभर सांगत सुटणार.

"दादा, हातात पाणी कसं भरलंस?" पोरगं म्हणालं.

भडक्याने इकडेतिकडे बघितलं. मग खाली बसून त्याचा हात धरला. कोपर सैल सोड म्हणाला, अजून सैल, बादली उचलतोयस का तू? पोराची लाट मनगटापर्यंत आली आणि हरवली. ते पुन्हा पहिल्यापासून करायला लागलं. बाहेर स्पीकर धडधडला. ताई दारात आली, एकेकाचं डोकं मोजलं, भडक्याचंही मोजलं.

"पुढचं दाखव ना," पोराने त्याची बाही धरली.

"पुढचं तिकडे बसून बघ. सोड रे, मला आता जायला हवं."