झावळ्यांच्या रविवारचा वाढदिवस

मी एक जुना स्लायसर आहे, मित्रांनो. शिजवलेल्या मांसाचे आणि चीजचे पातळ काप करणं हे माझं काम. तुमच्या स्वयंपाकघरात बटाट्याचे काप करायची किसणी असते ना, तिचा मी विजेवर चालणारा थोरला भाऊ. माझं पातं गोल आहे आणि चांगलं ताटाएवढं आहे. आपली कहाणी कधीतरी कोणाला सांगावी अशी मला फार हौस होती. आता सांगायला बसलो, तर मान वर होत नाही. पण लाज वाटते म्हणून गप्प बसणं हीसुद्धा लबाडीच, म्हणून सांगतो.

ओहायोतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावी, कुबियाक यांच्या दुकानात आलो, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. आमच्याकडे रविवारी गरम हॅम घ्यायची रीत आहे. चर्च सुटलं की गाव तसंच आमच्या दारात रांग लावतं. एक पौंड हॅम घ्या, सहा पाव फुकट. त्या दिवशी मी सकाळी नऊला गुरगुरायला लागायचो ते दुपारी दोनलाच थांबायचो. "कुबियाककडचा काप कसा, आरपार वर्तमानपत्र वाचावं इतका पातळ," असं लोक म्हणायचे. मी हुरळून जायचो.

मला चालवायची लोरेन. ती दुकानात माझ्याआधी पाच महिने लागली होती, आणि हे ती मला जन्मभर ऐकवत आली. दुकानाचा मालक डेल. बोलका, सढळ हाताचा, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा. शाळेत शिकणारी तीन-चार मुलं शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे कामाला यायची. पाव भरणं, गल्ल्यावर बसणं, फरशी पुसणं ही त्यांची कामं. मला मात्र त्यांनी हात लावायचा नाही. माझ्या बटणाच्या वर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर आडवी रेघ मारलेला हात होता आणि खाली लिहिलं होतं की अठरा वर्षांखालच्या कोणीही हे यंत्र चालवू नये, साफही करू नये. हा काही डेलच्या मनातला नियम नव्हता, देशाचा कायदा होता. कोणी पोर माझ्यासमोरून जायला लागलं की लोरेन मान वर न करता म्हणायची, "खिशात हात." आणि पोरं खरोखरच हात खिशात घालून जायची.

यातूनच आमच्या दुकानात एक रीत पडली. ज्याला अठरावं पूर्ण होईल, त्याच्याकडून त्या दिवशी लोरेन माझ्यावर पहिला काप काढून घ्यायची. पावात हॅम भरायचं, त्यात एक मेणबत्ती खोचायची, रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि डेलनं फोटो काढून खाली तारीख लिहून भिंतीवर लावायचा. त्या भिंतीवर एकोणतीस फोटो होते. प्रत्येकात मी आहे. मी त्यांच्याकडे बघून स्वतःवर खूश असायचो.

ब्रिन हालवर्सन आमच्याकडे आली तेव्हा सोळा वर्षांची होती. उंच, कामाला चपळ. ती शाळेच्या बोलिंगच्या संघात खेळायची. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड गोळा घरंगळवायचा आणि टोकाला उभे केलेले दहा खुंट पाडायचे, असा तो खेळ. गोळ्याला तीन भोकं असतात. दोन बोटं आणि अंगठा त्यांत घालून गोळा उचलायचा. ब्रिन त्यात इतकी तरबेज होती की एका विद्यापीठानं तिला संघात यायचं बोलावणं केलं होतं. ती आपला गोळा पिशवीतून आणून गल्ल्याखाली ठेवायची आणि डेल येता-जाता त्या गोळ्याकडे बघून विचारायचा, "आज लेकरू काय म्हणतंय?"

त्या वर्षी मार्चअखेर लोरेनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पुढ्यात ईस्टर. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून मिळालेल्या झावळ्या हातात घेऊन लोक रांगेत उभे होते. रांग पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली होती. मला चालवायला डेल एकटा. तारीख होती दोन एप्रिल.

"ब्रिन, तुझा वाढदिवस कधी गं?" डेलनं घाम पुसत विचारलं.

"एकवीसला."

"म्हणजे एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांत तुला काय शिंगं फुटणारेत?"

ब्रिन हसली. "पण लोरेन म्हणते..."

"लोरेन दवाखान्यात पडून जेली खातेय. तू बाहेर रांग बघ जरा. आजच उरकून टाकू. तारीख मी एकवीसची टाकतो. चालेल ना?"

ब्रिननं पिवळ्या पट्टीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "चालेल."

मित्रांनो, कुंपणानंच शेत खावं तसं झालं. आणि मी? पट्टी माझ्याच अंगावर होती. पण दोन वर्षं ही मुलगी खिशात हात घालून माझ्यासमोरून जात होती, आणि आज ती माझा दांडा धरणार होती. मला आनंद झाला. खरं सांगतो, फार आनंद झाला. पहिला काप सुरेख निघाला. पावात मेणबत्ती लागली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. डेलनं खाली एकवीस एप्रिल लिहिलं आणि फोटो खणात ठेवला, खरी एकवीस तारीख उजाडेपर्यंत.

मला चालवायला पाच मिनिटांत शिकवता येतं. मला साफ करायला शिकवायचं तर एक अख्खी दुपार लागते. डेलकडे ती दुपार नव्हती. काप किती जाड हवा हे ठरवायला माझ्या बाजूला एक खुंटी आहे. ती शून्यावर आणली की माझी धार पत्र्याआड झाकली जाते. साफ करायच्या आधी ती शून्यावर आणायची, प्लग काढायचा, पोलादी कड्यांचा हातमोजा घालायचा. मोजा होता, खिळ्याला टांगलेला. पण तो डेलच्या मापाचा. ब्रिनच्या हातात तो बापाच्या बुटासारखा लोंबायचा.

पुढच्या शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी डेलनं पुढून हाक मारली, "ब्रिन, पातं पुसून घे पटकन. चीज लावायचंय."

"मोजा मला मोठा होतोय."

"अगं, जपून पुस म्हणजे झालं."

तिनं प्लग काढला. खुंटीचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी फिरत नव्हतो, मित्रांनो. पण मी थांबलो तरी माझी धार थांबत नाही. फडकं सरकलं. तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक, नखासकट, माझ्यामुळे गेलं. ती ओरडली नाही. नुसती हाताकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं मी ज्या धारेची फुशारकी मारली, ती धार त्या क्षणी मला नको होती. पण माझी खुंटी मला फिरवता येत नाही.

डेल धावत आला. त्यानं तिचा हात टॉवेलात गुंडाळला, बर्फ घेतला आणि तिला धरून गाडीकडे नेलं. दारात तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ बाळ, विचारलं तर पावाची सुरी लागली म्हणून सांग. नाहीतर माझं दुकान बंद करतील."

डेल वाईट माणूस असता, तर मला हे सांगणं सोपं गेलं असतं.

ब्रिननं दवाखान्यात पावाची सुरी सांगितली. आईला पावाची सुरी सांगितली. गोळ्याचं अंगठ्याचं भोक बुजवून नवं पाडायला दिलं तेव्हा त्या कारागिरालाही तेच सांगितलं. पट्टी बांधलेल्या हातानं ती गल्ल्यावर बसायला लागली. विद्यापीठाचा विषय निघाला की ती उठून पाव भरायला जायची. डेल तिच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलायचा आणि तिच्याकडे बघायचा मात्र नाही. मला त्यानं तीन-तीनदा धुतलं. कारखान्यातून निघालो तेव्हाही मी इतका लख्ख नव्हतो. गिऱ्हाइकं म्हणाली, "व्वा, नवं यंत्र घेतलंत का?" जमिनीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तिसावा फोटो भिंतीवर लागला आणि तो कोणी निरखून पाहिला नाही.

मे महिन्यात लोरेन काठी टेकत आली. तिनं आधी मला हात लावून पाहिलं, मग भिंतीपाशी जाऊन तिसावा फोटो निरखायला लागली.

"डेल, हा फोटो कधीचा?"

"खाली लिहिलंय की. एकवीस एप्रिल."

"मागं रांगेत मिसेस यँकोव्स्की उभी आहे. हातात झावळी आहे तिच्या. एकवीस एप्रिलला काय माश्या हाकत होती?"

डेल गल्ला पुसायला लागला.

"आणि पोरीचा अंगठा इथं धडधाकट दिसतोय. एकवीसला तो पट्टीत होता. तिच्या आईनंच मला फोनवर सांगितलं. पावाची सुरी म्हणे. पस्तीस वर्षं वापरतेय मी ती सुरी. तिनं लोणीसुद्धा धड कापलं जात नाही."

"दुकान जाईल लोरेन माझं."

"जाऊ दे. दुकानं निघतात परत." मग ती खुर्चीवर टेकली. "कामगार खात्याला फोन तू करतोस की मी करू?"

डेल माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानंच फोन केला.

खात्याकडून पेल्टियर नावाच्या बाई आल्या. त्यांनी माझी खुंटी फिरवून पाहिली, मोजा मापून पाहिला, फोटो पिशवीत घातला. मग ब्रिनला समोर बसवलं.

"चूक माझीच आहे," ब्रिन म्हणाली. "डेलनं मला विचारलं होतं. मीच चालेल म्हणाले. मोजाही मीच नाही घातला."

"तेव्हा तुझं वय किती होतं?"

"सतरा. पण एकोणीसच दिवस..."

"सतरा," बाई म्हणाल्या. "मग तुझ्या होकाराला इथं काही किंमत नाही. कायदा तो तुझ्याकडे मागतच नाही. नाही म्हणायचं काम मोठ्यांचं होतं. ते त्यांनी केलं नाही. ते तू कशाला डोक्यावर घेतेस?"

इतक्या दिवसांत ब्रिन पहिल्यांदा रडली. डेल दाराशी उभा होता. "मीच खोटं बोलायला लावलं तिला," तो म्हणाला आणि त्यानं बाईंना सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं.

डेलला दंड झाला. दुकान बंद पडलं नाही. खिळ्याला आता चार मापांचे मोजे टांगलेले असतात, आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलाला लोरेन आधी एक अख्खी दुपार मला साफ करायला शिकवते. टाळ्या मात्र बंद झाल्या. त्यांची मला आठवणही नको वाटते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे काम कराल. माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्यासमोर येईल आणि कोणी चांगला माणूस हसत म्हणेल, एवढ्याशानं काय होतं. त्याला माझ्याबद्दल सांगा. आणि तुमच्या तोंडून हो गेलंच, काही लागलंच, तर पावाची सुरी सांगू नका. लाज वाटून घ्यायला आम्ही थोरले आहोत.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाला जायच्या आदल्या दिवशी ब्रिन निरोप घ्यायला आली. नव्या भोकाचा गोळा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. पहिले आठ दिवस गोळा नुसता लाकडी पट्टीच्या कडेच्या नाल्यातच गेला, असं ती लोरेनला सांगत होती. माझी जुनी पट्टी धुऊन धुऊन पुसट झाली होती. पेल्टियरबाईंनी दिलेली नवी अजून खणातच होती.

डेल पुढे आला. "ब्रिन, तुझा पहिला काप राहिलाय. खरा."

"नको डेल. माझा पहिला काप झालाय."

 ब्रिननं खणातून नवी पट्टी काढली. माझा प्लग काढलेला आहे ना, ते पाहिलं, खुंटी शून्यावर आहे ना, ते पाहिलं, बसणारा मोजा डाव्या हातात चढवला. मग तिनं पट्टी माझ्या बटणाच्या वर धरली आणि उजव्या, बिननखाच्या अंगठ्यानं कडेकडेनं दाबून पक्की केली. तिनं मोजा खिळ्याला लावला, आणि आता अठरा वर्षांची झालेली ब्रिन दोन्ही हात खिशात घालून माझ्यासमोरून निघून गेली.