सरांचा हात

वसईकडच्या आमच्या आचोळ्यात कुणालाही विचारा, दिनानाथ सरांबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडायचा नाही. मीही बोलणार नाही. मुंबईच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. गिरगावातली खोली विकून इथे फ्लॅट घेतला आणि रविवारी दुपारी घोरत पडायचं सोडून सोसायटीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, आसपासच्या पोरांना चित्रकला शिकवायला लागला. फुकट म्हणजे अगदी फुकट, कागद आणि रंगसुद्धा स्वतःचे. वर वसुंधराबाई, म्हणजे सरांची बायको, पोरांना वाट्यावाट्यांनी चिवडा वाढायच्या. टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा वर्ग हंडे धरायला पळायचा आणि सर जिन्यावरून ओरडायचे, "अरे मेल्यांनो, ब्रश तरी धुवून जा!" सरांमुळे किती पोरं सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा पास झाली. काम चांगलं होतं, यात वादच नाही.

फक्त एक सवय होती. ती काही त्यांच्या एकट्याची नाही, ड्रॉइंग मास्तर नावाच्या अख्ख्या जमातीची आहे. पोराचं चित्र होत आलं की सर शेजारी बसत, ब्रश मागून घेत आणि चित्रावरून हात फिरवत. इथे जरा सावली, तिथे जरा चकाकी, मागे निळं आभाळ, डोळ्यांत पांढरा ठिपका. मग चित्र लांब धरून म्हणत, "आता कसं उठलं बघ!" पोर खूश, आईबाप त्याहून खूश. जितेशच्या आईने जितेशचं चित्र फ्रेम करून हॉलमध्ये टांगलं होतं. त्यात जितेशचा म्हणावा असा बहुधा एक सूर्य होता, बाकी सगळे सर. पण कोणी काही बोलत नव्हतं. चाळीस वर्षं सर हेच करत आले होते, त्यांच्या गुरूंनीही हेच केलं असणार.

रचना आली ती गावातून. आचोळे गावातून म्हणजे आमच्या बिल्डिंगींच्या मागच्या जुन्या वस्तीतून. ज्या भातशेतांवर आमचे फ्लॅट उभे राहिले, त्यातलं एक तिच्या आज्याचं. आता बाप, शत्रुघ्न, टेम्पो चालवायचा आणि आजी पुतळाबाई दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची. पोरगी बोलायला मुखदुर्बळ, पण हातात चुलीतला कोळसा आला की बघत राहावं. सरांनी दिलेले रंग तिला नको असायचे. एकदा तिने टँकरवरची रांग काढली. कागदाच्या चारी कडांपर्यंत नुसत्या बायका, काळ्या, जड, एकमेकींत घुसलेल्या. आभाळाला जागाच नाही. आणि सगळ्यांत पुढे पुतळाबाई, तिचे पाय डोक्याहून मोठे.

सरांनी ते चित्र बघितलं आणि त्यांना घाम फुटला. खरंच सांगतो. घरी जाऊन वसुंधराबाईंना म्हणाले, "अगं, हे मी शिकवलेलं नाही. हे मला शिकवताच येणार नाही."

त्याच उन्हाळ्यात रचनाची दहावी झाली. शत्रुघ्नने ठरवून टाकलं होतं, कामणच्या गोदामात पॅकिंगला लावायची. सर त्याच्या दारात जाऊन बसले. चहा झाला, सुपारी झाली, मग शत्रुघ्न म्हणाला, "मास्तर, तुमी चांगलं मानूस. पन चित्रं काडून कोनाचं पोट भरलंय?"

तेव्हा सरांनी पास्कल सरांचं नाव काढलं. पास्कल सर वसई गावातले, नावाजलेले चित्रकार. मुंबईतल्या एका कलासंस्थेसाठी ते दर वर्षी आपल्याकडच्या अशा वर्गांतून एक मूल निवडायचे. निवड झाली की पुढचं शिक्षण, राहणं, खाणं, सगळं संस्थेचं. मे महिन्यात वर्गाचं प्रदर्शन होतं, त्याला पास्कल सर यायचे होते.

"त्यांनी घेतली तं पाठवीन," शत्रुघ्न म्हणाला. "नायतर सोमवारपासना कामन. शेटला बोलून ठेवलाय मी."

झालं. पोरीचं अख्खं आयुष्य त्या एका रविवारवर येऊन बसलं.

आणि आदल्या दिवशी दुपारी सरांनी चित्रं मांडायला घेतली. प्रत्येकावरून हात फिरवला, नेहमीप्रमाणे. शेवटी रचनाचं चित्र पुढ्यात घेतलं. वसुंधराबाई सुतळ्या बांधत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, ते तेवढं राहू द्या ना."

"राहू द्या काय? उद्या पास्कल सर येणार! हे असं कच्चं ठेवू?"

देवा रे! ज्या चित्राने त्या माणसाला घाम फोडला, त्याच चित्रावर त्याने पोस्टर कलर उघडले. का? प्रेमाने. पोरीचं भलं व्हावं म्हणून. घरी आलेल्या पाव्हण्यापुढे पोराला धुतलेला सदरा घालतात ना, तसं. वरच्या चार बायका पुसून निळं आभाळ आलं. हंड्यांना चकाकी आली. प्रत्येकीच्या डोळ्यांत ठिपका पडला. पुतळाबाईचे पाय प्रमाणात आले. रचना शेजारी उभी राहून बघत होती. सरांनी चित्र लांब धरलं तसं तिचं तोंड फुललं.

"सर," ती म्हणाली, "आता कसं खरोखरचं चित्र वाटतंय. माझं किती चुकलं होतं."

सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. त्यांनाही आनंद झाला होता.

रविवारी गच्चीवर ही गर्दी. आईबाप इस्त्रीचे कपडे घालून आले होते. पुतळाबाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, शत्रुघ्न मागे हाताची घडी घालून उभा. पास्कल सर आले, पांढरी दाढी, पायांत साध्या चपला. एका टोकापासून चित्रं बघत निघाले. अर्ध्यावर थांबले.

"चित्रं सफाईदार आहेत," ते म्हणाले. "सगळी एकाच माणसाची आहेत का?"

दिनानाथ सर हसले. जितेशची आई मात्र भडकली. "अहो, आमच्या जितेशने स्वतः काढलंय! आमच्यासमोर!"

पास्कल सर मान हलवून पुढे गेले आणि टँकरच्या चित्राशी आले. तिथे खूप वेळ उभे राहिले. नाक जवळजवळ कागदाला लागलं. मग वळून हळूच म्हणाले, "दिनानाथराव, खरं सांगा. यावर हात तुमचा आहे?"

हो म्हणायचं होतं. एवढंच, हो. पण गच्चीवर तमाम आईबाप कान देऊन उभे. हो म्हटलं तर जितेशच्या हॉलमधली फ्रेम, सगळ्यांच्या हॉलमधल्या फ्रेमा, पोरांचा मान, इतक्या वर्षांचा वर्ग, सगळंच उताणं पडणार.

"छे छे," ते म्हणाले. "सगळं मुलांचंच. मी आपला मार्गदर्शन करतो."

पास्कल सर चांगला माणूस. त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. रचनाला बोलावलं, कोरा कागद दिला, कोळसा दिला. "बाळ, ही समोर तुझी आजी बसलीय ना? तिला काढ. घाई नाही."

सरांचा जीव भांड्यात पडला. कोळसा! समोर आजी! आता बघाच म्हणावं.

रचना खाली मांडी घालून बसली. एकदा आजीकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग काढू लागली, हलक्या हाताने, जपून, कुठे काळं होऊ न देता. पुतळाबाईला हसू आवरेना, "अगं, माजं नाक नीट काड गो!" आणि नाक नीटच आलं. डोळे नीट आले, डोळ्यांत ठिपका राखला होता. पाय छोटेसे, प्रमाणात. मागे आभाळ, त्यात दोन ढग, एका बाजूने सावली दिलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रचनाने कागद उचलला आणि पास्कल सरांच्या आधी दिनानाथ सरांपुढे धरला.

"बरोबर आलं ना, सर? तुमच्यासारखं?"



पास्कल सरांनी तो कागद बघितला. "हात चांगला आहे पोरीचा," ते म्हणाले. "असे हात पुष्कळ येतात माझ्याकडे." सगळ्या पोरांना त्यांनी पेढा दिला आणि निघाले.

सर त्यांच्यामागे जिना उतरले. पार खाली, टँकर उभा राहतो तिथे त्यांना गाठलं आणि धापा टाकत सगळं ओकून टाकलं. मीच हात फिरवला, मीच खोटं बोललो, त्या रंगाखाली पोरीचं जे आहे ते तुम्ही बघा हो, एकदा बघा.

"मग रंगाखालचं आणून दाखवा," पास्कल सर म्हणाले. "नाहीतर नवीन काढून आणू दे. नावं कळवायला मला अजून आठवडा आहे."

सर दोन दोन पायऱ्या चढत वर आले. मंडळी पांगली होती. ओला स्पंज घेऊन ते टँकरच्या चित्राशी बसले. निळा रंग सुटला, आणि त्याच्याबरोबर खालचा कोळसाही सुटला. आधी बायका गेल्या, मग हंडे. घासता घासता सगळा कागद राखाडी झाला आणि मधे फाटला. वसुंधराबाईंनी त्यांच्या हातातून स्पंज काढून घेतला. नवऱ्याकडे बघितलं मात्र नाही.

तो आठवडा सर रोज गावात गेले. शत्रुघ्नने सोमवारचं कामण शेटच्या हातापाया पडून पुढे ढकललं होतं, तेही सरांच्या पांढऱ्या केसांकडे बघून. रचना रोज काढायची. टँकर काढला, ओटा काढला, आजी तर पाच-सहा वेळा काढली. सगळं नीटस. सगळ्यांना आभाळ. सर म्हणायचे, "आभाळ नको काढूस," तर ती आभाळ गाळून बाकीचं तस्संच काढायची आणि रिकाम्या जागेकडे बघून कावरीबावरी व्हायची. सर म्हणायचे, "जोर लाव, काळं होऊ दे," तर ती सांगितलं तेवढंच, सांगितलं तिथेच काळं करायची. आज्ञाधारक पोर. वर्गात सर नेहमी सगळ्यांना तिचंच उदाहरण द्यायचे.

शेवटच्या दिवशी शत्रुघ्न दारात टेम्पो धूत होता. "मास्तर, उद्या नेतो तिला," तो म्हणाला. रागाने नाही, समजुतीने. "तुमी लय केलं. तिच्यातच नसंल तं तुमी तरी काय करनार?"

"तिच्यात आहे हो!" सर ओरडले. रडकुंडीलाच आले होते. ते आत गेले आणि रचनापुढे जमिनीवर बसले. "बाळ, माझं विसर. मी शिकवलेलं सगळं विसर. आधी काढायचीस ना, तसं काढ. तुझं काढ."

रचनाला सरांना खूश करायचं होतं, त्यांचे डोळे भरलेले तिला बघवत नव्हते. शेवटी तिने कोळसा त्यांच्यापुढे केला.

"माझं म्हणजे कसं, सर? एकदा काढून दाखवा ना."

सरांनी कोळसा घेतला. दुसरं काय करणार होते? आठवून आठवून, जोर लावून, ते तिच्यासारखं काढू लागले. रेघ वळायची तिथे त्यांची स्वतःचीच वळत होती. हात थांबेना. रचना त्यांच्या खांद्यावरून वाकून, एकेक रेघ मन लावून बघत होती.

"हं," ती आनंदाने म्हणाली. "आता आलं लक्षात."